गाण्याच्या बाई आणि माझी जमाखर्चाची वही



क्षमावणीला आपण भेटेल त्याला ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. त्यातल्या बहुतेकांचं आपण काही बिघडवलेलं नसतं. ज्यांचं खरंच बिघडवलंय, त्यांच्या दारात जायला मात्र पाय उचलत नाही. गेल्या क्षमावणीला मी मन घट्ट करून अशा एका दारात गेले. त्या दाराची आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांची ही गोष्ट.

आमच्या बस्तीच्या पाठशाळेत दर रविवारी सकाळी मुलं येतात. तासभर धर्माचा वर्ग आणि नंतर तासभर गाणं. गाणं शिकवायला मिरजेहून एक बाई यायच्या. त्या आपल्या समाजातल्या नाहीत, पण नऊ वर्षांत त्यांनी आमच्या मुलांना आरत्या, स्तोत्रं, पूजेतल्या जयमाला सगळं सुरात म्हणायला शिकवलं. महिन्याला तीन हजार मानधन.

मी या पाठशाळेची खजिनदार. बी.कॉम. झालेली म्हणून लग्नानंतर काही वर्षांतच वही माझ्याकडे आली ती आजतागायत. गेल्या वर्षी एप्रिलच्या बैठकीत रंगकामाचा खर्च निघाला, वीजबिल वाढलं होतं, पुस्तकं छापायची होती. कुठला खर्च कमी करायचा, असा विषय आला तेव्हा वहीवर बोट ठेवून मीच म्हणाले, ‘गाण्याचं मानधन. वर्षाचे छत्तीस हजार. धर्माचा वर्ग तर बंद करता येत नाही.’ दहा मिनिटांत ठराव झाला. कुणी विरोध केला नाही, कुणी बाईंना बोलावून विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी त्यांना सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्या ‘बरं काकू’ एवढंच म्हणाल्या. पेटीच्या कपाटाची चावी पर्समधून काढून माझ्या हातात ठेवली आणि मुलं यायच्या आत निघून गेल्या.

मग दशलक्षण पर्व आलं. विधान ठेवलं होतं, त्यासाठी बाहेरून संगीत पार्टी बोलावली. पाच दिवस मोठमोठे स्पीकर लागले, सिनेमाच्या चालींवर आरत्या झाल्या. मोठी माणसं टाळ्या वाजवत होती. आमची मुलं मात्र मागे भिंतीला टेकून बसलेली, कारण त्या चालीत त्यांना म्हणता येईना आणि त्यांना येत होतं ते कुणी म्हणू देईना. विधान झाल्यावर मी हिशेब लिहायला बसले. ‘संगीत पार्टी, पाच दिवस, पंचावन्न हजार.’ लिहून झालं आणि पेन थांबलं. त्याच वहीत चार पानं मागे वर्षभराचे छत्तीस हजार मी वाचवले होते. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात. आपल्याला गाणं नको होतं असं नाही. गाणारी मुलं तयार करणं आपल्याला खर्च वाटत होता आणि तयार गाणं विकत आणणं पुण्य!

म्हणून क्षमावणीला मी मिरजेला गेले. बाईंनी चहा ठेवला. मी म्हणाले, ‘बाई, चूक माझी. ठराव मीच मांडला होता.’

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘काकू, थोडी चूक माझीही आहे. नऊ वर्षांत मी कमिटीला एकदाही सांगितलं नाही, की मी नक्की काय शिकवते. मला वाटायचं, गाणं काय, ऐकलं की कळतं. गाणं ऐकू येतं हो, पण शिकवणं ऐकू येत नाही.’

हे वाक्य घेऊन मी बसने घरी आले. संगीत शिकवणाऱ्यांचं दुखणं त्यात सगळं आलं. गणिताच्या सरांना गणित कशाला हवं हे सांगावं लागत नाही. गाण्याच्या बाईंना ते दर वर्षी सांगावं लागतं, आणि त्यांच्या शिक्षणात ते कुणी शिकवलेलं नसतं. सूर लावायला शिकवतात, बाजू मांडायला नाही.

बाईंनी माझ्याकडे क्षमेबदली एकच मागितलं: कमिटीपुढे पंधरा मिनिटं. ती मी मिळवून दिली. पण पहिला प्रयत्न फसला, हे खरं सांगायला हवं.

त्या मोठी फाइल घेऊन आल्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसलेल्या मुलांची यादी, प्रारंभिक किती, प्रवेशिका किती, सगळं व्यवस्थित. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या की दहावीला सवलतीचे गुण मिळतात, हेही सांगितलं. गाण्यानं अभ्यासात लक्ष लागतं, हेही. कमिटीनं माना डोलावल्या. मग एक जण म्हणाले, ‘मार्कांसाठी गावात क्लास आहेत की. पाठशाळेनं का पैसे घालायचे?’ आणि आमचे अध्यक्ष अण्णा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, मिश्किलपणे म्हणाले, ‘आपला धर्म वीतरागाचा. मुलांना राग कशाला शिकवायचा?’ सगळे हसले. बाईही कसनुसं हसल्या आणि फाइल मिटली.

जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हणाले, ‘बाई, गाण्यामुळे मुलांना बाहेर काय मिळतं ते तुम्ही सांगितलंत. इथं, बस्तीत, काय मिळतं ते सांगा ना. आणि सांगू नका, दाखवा.’

दिवाळी झाली. कार्तिकातल्या एका रविवारी बाईंनी वर्ग घेतला आणि कमिटीला, आई-वडिलांना, आजी-आजोबांना बोलावलं. कार्यक्रम नाही, वर्ग. हा फरक त्यांनी आधीच बजावून सांगितला होता: ‘बसवलेलं गाणं ऐकायला येऊ नका. चुकताना बघायला या.’ खुर्च्या ठेवल्या नव्हत्या. सगळ्यांनी मुलांबरोबर सतरंजीवर बसायचं.

सुरुवातीला त्यांनी फक्त तानपुरा लावला. अठ्ठावीस मुलं, तीस-पस्तीस मोठी माणसं. ‘पाच मिनिटं काही म्हणायचं नाही. फक्त षड्ज ऐकायचा, मग आपला सूर त्यात हळूच मिसळायचा.’ मैत्रिणींनो, सामायिकाला बसवलं की दुसऱ्या मिनिटाला चुळबुळ करणारी हीच मुलं. ती ऐकत होती. खरं तर चुळबुळ आम्हा मोठ्यांचीच चालली होती. कुणाचा फोन वाजला, कुणी पंखा वाढवायला उठलं. पाच मिनिटं नुसतं ऐकणं किती अवघड आहे, हे आम्हाला तिथं कळलं.

मग भक्तामर. आपल्यापैकी कितीजणी ते रोज म्हणतात! बाईंनी फळ्यावर त्याचं वृत्त लिहिलं: वसंततिलका. प्रत्येक चरणात चौदा अक्षरं. गुरू गुरू लघु, गुरू लघु लघु, लघु गुरू लघु, लघु गुरू लघु, शेवटी गुरू गुरू. मुलांनी मांडीवर टाळी धरली, गुरूला लांब, लघूला आखूड. मी लगेच मनात हिशेब केला, सवय जात नाही. चौदा चोक छप्पन्न, आणि आपल्या परंपरेतली अठ्ठेचाळीस काव्यं म्हणजे दोन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी अक्षरं. एवढी अक्षरं मानतुंगाचार्यांनी एका ठेक्यात ओवली आणि आम्ही ती रोज सकाळी गॅसवरच्या दुधाकडे बघत गुंडाळतो.

बाईंनी अण्णांना विनंती केली, ‘तुम्ही म्हणा, मुलं टाळी धरतील.’ अण्णा पन्नास वर्षं भक्तामर म्हणतात. त्यांनी नेहमीच्या वेगात सुरुवात केली. तिसऱ्या चरणात टाळी पुढे गेली आणि अण्णा मागे राहिले. पुढे बसलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी म्हणाली, ‘आजोबा, तुमचं एक अक्षर राहिलं.’ सगळे गप्प. अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, सावकाश. या वेळी अक्षर सापडलं. ‘पन्नास वर्षं खात होतो की गं मी ते,’ म्हणाले. त्या मुलीच्या एका वाक्यानं जे काम केलं ते बाईंच्या फाइलनं केलं नव्हतं.

आता तो ‘राग’ राहिला होता. बाई तो विसरल्या नव्हत्या. त्यांनी मुलांना भूप म्हणायला लावला आणि विचारलं, ‘भूप शिकताना तुम्ही पहिलं काय शिकलात?’ मुलं एका सुरात म्हणाली, ‘म आणि नी सोडायचे.’ बाई मोठ्यांकडे वळून म्हणाल्या, ‘सात सूर पेटीत समोर असतात. बोट सहज जातं. पण भूप म्हणायचा तर मध्यम आणि निषाद वर्ज्य. मूल आधी सोडायला शिकतं, मग राग उभा राहतो. तुमच्या धर्मातलं मला फार कळत नाही, पण त्याग तुम्हीच लोक जास्त जाणता.’

यावर आमच्या धर्माच्या वर्गाच्या आक्का उठल्या. बाईंनी त्यांना आधीच विश्वासात घेतलं होतं. आक्कांनी आदिपुराणातली गोष्ट सांगितली. ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी दिली आणि सुंदरीला अंक, हे आपल्याला पाठ असतं. पण पुत्रांना विद्या वाटून देताना वृषभसेनाला त्यांनी गांधर्वशास्त्र, म्हणजे संगीत शिकवलं, ते आपण विसरतो. ‘आणि नीलांजना आठवा,’ आक्का म्हणाल्या. ‘नाचता नाचता तिचं आयुष्य सरलं. इंद्रानं क्षणात तशीच दुसरी उभी केली. सगळी सभा तेच नृत्य बघत होती. बदल ज्यांना कळला त्यांना वैराग्य आलं. कला मोहात पाडते म्हणता, पण भगवंतांना जागं केलं तेही एका नृत्यानंच. बघणारा सावध हवा, ऐकणारा सावध हवा.’

एक खरी अडचणही तिथंच निघाली. एका वहिनींनी विचारलं, ‘तबल्याला कातडं असतं. ते बस्तीत कसं चालेल?’ मला वाटलं, आता वाद होणार. बाईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, ‘तुमचं बरोबर आहे. बस्तीत टाळ आणि झांज ठेवू. सरावाला इलेक्ट्रॉनिक तबला आहे, त्यात कातडं नाही. ताल शिकायचा, तो हातावर टाळी देऊनही शिकता येतो.’ मी मनात नोंद केली: समोरच्याची श्रद्धा अडचण म्हणून पाहिली की दार बंद होतं. ती अट म्हणून मानली की मार्ग निघतो.

या सगळ्यात मला सारखी आठवण येत होती ती पलुस्करांची. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडात 1872 साली विष्णु दिगंबर जन्मले. आपल्या कितीतरी जणींचं माहेर त्या पट्ट्यात आहे. लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झाली, शाळेचं शिक्षण थांबलं आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं. त्या काळी गाणं म्हणजे राजाश्रय, नाहीतर घरंदाज लोक ज्यात पाऊल टाकत नाहीत अशी जागा. हा माणूस मिरजेचा आश्रय सोडून निघाला, गावोगाव लोकांसमोर गायला, आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या पैशावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींवर. अभ्यासक्रम केला, गाणं कागदावर लिहिण्याची पद्धत बसवली, चारचौघांतल्या बायकामुलांना शिकवण्याजोगं गाणं समाजापुढे ठेवलं. 1908 साली मुंबईला शाखा काढली. तिथली इमारत पुढे कर्जापायी गेली, हे वाचताना माझ्यातल्या खजिनदाराला वाईट वाटतं. पण 1931 मध्ये मिरजेतच ते गेले तेव्हा मागे शिष्यांची फौज होती: विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, देवधर मास्तर. त्याच शिष्यांनी मंडळ उभं केलं, ज्याच्या परीक्षांना आज आपली नातवंडं बसतात.

पलुस्कर मोठे गवई तर होतेच. पण गाणारे तेव्हाही पुष्कळ होते. गाण्याची बाजू समाजापुढे मांडणारा शिक्षक म्हणून ते वेगळे. आमच्या बाई रोज त्याच मिरजेहून येत होत्या आणि इतकी वर्षं गप्प होत्या.

त्या गप्प राहिल्या नाहीत त्यानंतर काय काय केलं, ते थोडक्यात लिहिते, कारण तुमच्यापैकी काही जणी शिकवतात आणि काहींच्या सुना-मुली शिकवतात.

त्यांनी एक पान तयार केलं, फाइल नव्हे. एका बाजूला वर्षात मुलं काय शिकली: किती स्तोत्रं अर्थासह, किती जयमाला, किती मुलं एकट्यानं आरती उचलू शकतात. दुसऱ्या बाजूला खर्च, मुलामागे महिन्याला किती पडतो. तीन हजारांना अठ्ठावीसनं भागलं तर एकशे सात रुपये. हा भागाकार मी करून दिला, पण कमिटीपुढे तो त्यांनीच वाचला. ते पान त्या फेब्रुवारीत घेऊन आल्या, ठराव व्हायच्या आधी. एप्रिलमध्ये ठराव झाल्यावर रडून उपयोग नसतो.

मोठ्या मुलांपैकी दोघींना त्यांनी लहानांना सा-रे-ग शिकवायला बसवलं. म्हणजे गाणं एका बाईंवर टांगलेलं राहिलं नाही. आई-वडिलांना त्या आता वर्गानंतर दोन वाक्यं सांगतात, ‘आज हिला कोमल गंधार सापडला’ असं. नुसतं ‘छान गाते’ म्हणत नाहीत. आईला त्यातलं कळो न कळो, घरी जाताना ती मुलीला विचारते, ‘काय गं सापडलं तुला?’

आणि मार्कांबद्दल त्या आता शेवटी बोलतात. सवलतीचे गुण चांगलेच, पण त्यासाठीच गाणं असेल तर उद्या गुण बंद झाले की गाणंही बंद.

हेच त्यांनी जिथं अर्धवेळ नोकरी करतात त्या शाळेतही केलं. तिथं परीक्षा जवळ आली की गाण्याचा तास गणिताला जायचा. त्यांनी मुख्याध्यापिकांना वर्गात बसवलं, मराठीच्या बाईंना जोडीला घेतलं आणि कवितांच्या वृत्तांचा वर्ग दोघींनी मिळून घेतला. पाचवी ते सातवीचा तास परत मिळाला. आठवीच्या पुढचा नाही मिळाला. सगळी लढाई जिंकली असं मी लिहिलं तर ते असत्य होईल.

आमच्याकडे यंदाच्या एप्रिलमध्ये मानधनाचा ठराव पुन्हा आला. मांडला मीच. सात जणांपैकी पाच बाजूनं, दोघं विरोधात. मुदत एक वर्ष. पुढच्या एप्रिलला पुन्हा सांगावं लागेल. अण्णांनी वर एक सूचना केली, की विधानाला बाहेरची पार्टी पाच दिवस नको, दोन दिवस पुरे. बाकी तीन दिवस पाठशाळेची मुलं म्हणतील. मधल्या काळात बाईंना जे रविवार फुकट यावं लागलं, त्यांचंही मानधन द्यावं असं मी वहीत लिहिलं. बाई नको म्हणत होत्या. मी म्हणाले, ‘बाई, हे दान नाही, हे देणं आहे. दानाचा रकाना वेगळा असतो.’

एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत खुपते. आपली बाजू मांडायला शिकवणाऱ्यांनी शिकावं हे खरं. पण नऊ वर्षं आमची मुलं घरी येऊन सुरात आरती म्हणत होती, ती आम्ही स्वयंपाकघरातून ऐकत होतो. ती कुणी शिकवली, हे आम्हाला माहीत होतं. त्या एप्रिलच्या बैठकीत आम्ही तिघी बायका होतो. एकीनं जरी म्हटलं असतं, ‘थांबा, बाईंना विचारूया,’ तरी ठराव दहा मिनिटांत झाला नसता.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करा. येत्या रविवारी मुलांना सोडायला जाल तेव्हा गेटवरून परतू नका. आत जाऊन अर्धा तास सतरंजीवर बसा. आणि तुम्ही कुठल्या कमिटीवर असाल, तर वहीतला एखादा खर्च खोडण्याआधी त्या खर्चामागच्या माणसाला बोलवा.

पेटीच्या कपाटाची चावी आता पुन्हा बाईंच्या पर्समध्ये आहे. दुसरी मी करून घेतली आहे, ती त्या दोन मोठ्या मुलींकडे असते.

जय जिनेंद्र.